अंजनगावच्या अंगणात वाचले गेलेले पत्र

मुलींचे वसतिगृह, अमरावती
ता. १० डिसेंबर १९६३

ती. दुर्गाताई यांना मैनाचा नमस्कार.

इकडे सर्व खुशाल आहेत असे लिहिण्याची पद्धत आहे आणि मी तसे लिहिलेही होते. मग खोडले, कारण ते पूर्णपणे खरे नाही. तेव्हा एवढेच लिहिते की इकडे सर्व जण आपापल्या कामावर जातात, आणि मीही परवापासून पुन्हा दोन वेळा जेवू लागले आहे. तुमच्या पायांची सूज उतरली का? दिवसभर वॉर्डात उभ्या राहून आल्यावर पाय गरम पाण्यात ठेवत जा. (नर्सबाईंना हे मी सांगणे म्हणजे आगाऊपणा आहे. मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला. तरी ठेवत जा.) इथली तुमची खाट आता यवतमाळच्या एका मुलीला दिली आहे. ती झोपेत गणिते सोडवते. उत्तरे बरोबर येतात की नाही ते मी अजून तपासलेले नाही.

तुमच्या दोन पत्रांना मी उत्तर दिले नाही याचे कारण सांगायचे तर गेल्या महिन्यापासून सुरुवात करावी लागेल. आमच्या वसतिगृहात इंदूबाई डॉक्टरांचे व्याख्यान झाले. फळ्यावर विषय लिहिला होता 'वैवाहिक आरोग्य', पण रेक्टरबाईंनी स्वतः उठून सगळ्या खिडक्या लावल्या तेव्हाच मुली समजल्या की आत काहीतरी वेगळे आहे. इंदूबाई ठेंगण्या आहेत, पातळ पांढरे नेसतात, आणि आवाज असा की खिडक्या लावून काही उपयोग झाला नाही. त्यांनी पहिल्याच वाक्यात गरमी आणि परमा या दोन्ही गुप्तरोगांची नावे घेतली, आपण सर्दी-पडशाची घेतो तशी. म्हणाल्या की हे रोग जंतूंनी होतात आणि जंतू कोणाचे पापपुण्य पाहत नाहीत. झालेल्या माणसाला पुष्कळदा स्वतःला पत्ता नसतो, बायकांना तर बाहेरून काहीच दिसत नाही. कॉलेजातली मुले काही वाईट नसतात, पण त्यांना कोणी काही सांगितलेले नसते, आणि काही झालेच तर लाजेने ती भिंतींवर जाहिराती रंगवणाऱ्या वैदूंकडे जातात आणि आजार वाढवून घेतात. पेनिसिलीनने रोग बरा होतो, पण ते दोघांनी घ्यावे लागते, एकट्याने घेऊन भागत नाही. म्हणून लग्नाआधी दोघांनी रक्त तपासावे आणि एकमेकांना सरळ विचारावे. बाकीच्या मुली पायाच्या अंगठ्यांकडे बघत होत्या. मी लिहून घेत होते (साडेसात पाने). शेवटी कोणाला काही शंका आहे का, असे त्यांनी विचारले. फक्त माझा हात वर गेला. मी म्हटले, पण बाई, विचारायचे कसे? इंदूबाई म्हणाल्या, तोंडाने.

हे उत्तर मला फार आवडले, आणि मी ते पाळले नाही. मी पत्र लिहिले.

तुम्हाला ठाऊकच आहे की माझे लग्न अंजनगाव सुर्जीच्या किसनरावांचे चिरंजीव सहदेवराव यांच्याशी फाल्गुनात ठरले आहे. सहदेवराव तुमच्या अकोल्यालाच शेतकी कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहेत. त्यांना मी एकदाच पाहिले, वलगावला आमच्या घरी, आणि तेही मुख्यतः गुडघ्यापर्यंत, कारण मान वर करायची नव्हती. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, की पुढे शिकायचे आहे का. मी हो म्हटले. ते म्हणाले, बरं आहे. या दोन शब्दांवर मी सहा महिने काढले आहेत. पण इंदूबाईंचे ऐकल्यावर वाटले की दोन शब्द पुरेसे नाहीत. मी आधी स्वतःचे रक्त तपासून घेतले (दुसऱ्याला सांगायचे आणि आपण करायचे नाही, हे बरे नव्हे). दोष नाही असा कागद मिळाला. मग प्रश्न आला की पत्र पाठवायचे कोणाच्या नावाने. होणाऱ्या नवऱ्याला परस्पर पत्र धाडणे मला प्रशस्त वाटेना. आमच्या घरात शाळेचे तोंड पाहिलेली मी पहिली. माझ्यामागे दोन बहिणी पाटी घेऊन उभ्या आहेत. मोठी शिकली आणि चोरून पत्रे लिहू लागली, असे एकदा कोणी म्हणाले की बाबा त्या दोघींना मेथीच्या जुड्या बांधायला बसवतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही. म्हणून मी उजळ माथ्याने पाकिटावर किसनरावांचे नाव घातले आणि आत पहिल्या ओळीत लिहिले की हे पत्र कृपया चि. सहदेवराव यांच्या हाती द्यावे.

किसनरावांना वाचता येत नाही हे मला माहीत नव्हते, असे मी म्हणू शकत नाही. साखरपुड्याच्या यादीवर त्यांनी अंगठा दिलेला मी पाहिला होता. (त्या वेळी मान थोडी वर होती.) आणि न वाचणाऱ्याच्या घरी पत्र आले म्हणजे काय होते, हे तर माझ्याइतके कोणालाच ठाऊक नाही. मी चौथीत असल्यापासून आमच्या आळीतली सगळी पत्रे मीच वाचत आले आहे. पत्र एकाचे असते, ऐकायला सारी आळी असते. पण वाईट मजकूर आला की मी खोकत असे आणि खोकता खोकता दोन ओळी पुढे जात असे. जगातले सगळे वाचणारे असेच खोकतात, अशी माझी समजूत होती. अंजनगावचे उत्तमराव गुरुजी खोकत नाहीत. त्यांनी चाळीस वर्षे प्राथमिक शाळेत शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असे वाचले आहे, आणि त्यांना दुसरा आवाज नाही.

पुढचे मी मनकर्णाबाईंकडून ऐकले तसे लिहिते. (मनकर्णाबाई म्हणजे सहदेवरावांच्या आई. लग्न अजून व्हायचे आहे, म्हणून सासूबाई लिहीत नाही.) सुनेचे पत्र आले म्हणून किसनरावांना इतका आनंद झाला की त्यांनी पोस्टमनला बसवून घेतले, अंगणात सतरंजी टाकली, शेजारपाजारचे दहा-बारा जण गोळा केले आणि चहा ठेवायला सांगितला. त्यांच्या घरात कोणा बाईमाणसाच्या हातचे अक्षर आजवर आलेले नव्हते. आधी पाकीट हातोहात फिरले. अक्षर मोत्यासारखे आहे असे वाचता न येणाऱ्या सर्वांनी सांगितले. पहिली ओळ वाचून गुरुजी म्हणाले, हे सहदेवले द्याचं हाय. किसनराव म्हणाले, पोट्टा तं अकोल्यात हाय, वाचा तुमी, आमाले बी समजू द्या. पहिले पान उत्तम गेले. त्यात मी गाईची, वांग्याच्या वाफ्यांची आणि किसनरावांच्या गुडघेदुखीची चौकशी केली होती. पान उलटले आणि गुरुजी थांबले. किसनराव म्हणाले, काहून थांबले गुर्जी? वाचा, वाचा, सुनेचं पत्र हाय. तेव्हा गुरुजींनी वाचले.

ताई, मी त्या पत्रात 'उपदंश' असा शब्द वापरला होता. तो तिथे कोणालाच समजला नसता. पण गैरसमज नको म्हणून मी पुढे कंसात साधा शब्द दिला होता, आणि गुरुजी कंस सोडत नाहीत. तिसऱ्या पानावर, आपल्याला पूर्वी किंवा सध्या असा काही त्रास असल्यास निःसंकोच कळवावे, हे वाक्य आले. चौथ्यावर माझ्या रक्ताच्या कागदाची नक्कल होती. तिच्याखाली मी 'खरी नक्कल' असे लिहून सही केली होती. गुरुजींनी तेही वाचले आणि वर मान हलवली, म्हणजे कागद कायदेशीर आहे या अर्थाने. मग सतरंजीवरून कोणीतरी हसले आणि म्हणाले, किसन्या, सून आणून राह्यला का दवाखाना? यावर किसनराव म्हणाले, गावात दवाखाना नाईच हाय बाप्पा. आला तं बरंच हाय. एवढे बोलून त्यांनी सगळ्यांना चहा घ्यायला सांगितले. या माणसाला मी मनातून साष्टांग नमस्कार घातला आहे, पण हे मला कळले पुष्कळ उशिरा.

कारण इकडे आठ दिवस काहीच उत्तर नाही. फक्त अंजनगावचा एक केळीवाला बाजारात बाबांना भेटला आणि म्हणाला, तुमच्या मैनाचं पत्र ऐकलं, लय मोठं होतं. 'ऐकलं' हा शब्द बाबांनी घरी येऊन सांगितला आणि तो आईने वसतिगृहात येऊन मला सांगितला. त्या दिवसापासून माझे जेवण गेले. मी तीन मसुदे तयार केले. किसनरावांना क्षमापत्र, बाबांना क्षमापत्र, आणि दोघी बहिणींच्या मुख्याध्यापिकांना विनंती, की त्यांच्या बहिणीच्या चुकीमुळे त्यांची नावे कमी होऊ देऊ नयेत.

नवव्या दिवशी रेक्टरबाईंनी बोलावले, की अंजनगावहून कोणी बाई आल्या आहेत. मनकर्णाबाई बाकाच्या अगदी टोकाला बसल्या होत्या, मांडीवर वांग्यांची टोपली. मी पायावर डोके ठेवले आणि पाठ केलेले क्षमापत्र म्हणायला सुरुवात केली. दुसऱ्या वाक्यालाच त्यांनी मला थांबवले. म्हणाल्या, ते राहू दे. त्यांनी कमरेच्या पिशवीतून माझे पत्र काढले. घडीवर हळदीची बोटे उमटली होती. दुसऱ्या पानावर बोट ठेवून म्हणाल्या, इथं गरभ पडते म्हून लिवलं, म्हने गुर्जी. ते पुन्हा वाचून दाखव. हळू.

मी हळू वाचले. त्यात इंदूबाईंचे वाक्य होते, की आईला हा रोग असेल आणि औषध झाले नसेल तर पुष्कळदा गर्भ टिकत नाही किंवा मूल मेलेले जन्मते, आणि यात त्या बाईचा काही दोष नसतो. मनकर्णाबाईंनी ते वाक्य तीनदा वाचायला लावले. मग म्हणाल्या, सहदेवच्या पाठीवर माहे चार गेले. चारी वावराच्या धुऱ्यावर पुरले. कोनी म्हने बाहेरचं हाय, कोनी म्हने बाईच तशी हाय. एकवीस वर्स झाले. चहाचे कप हाती होते अन् गुर्जीनं हे वाचलं, कप खालीच ठेवले म्या. मले त्या डाक्टरीनबाईकडे घेऊन चाल.

दुर्गाताई, मी साडेसात पाने लिहून घेतली, पण हे वाक्य एखाद्या खऱ्या माणसाचे असू शकते असे मला एकदाही वाटले नव्हते. ज्या बाईने आपले नाव कधी लिहिलेले नाही, तिने ते वाक्य एकदा ऐकले आणि आपले म्हणून ओळखले. त्या अंगणात कोणी हसत होते, कोणी चहा घेत होते, आणि या बाई कप खाली ठेवून विचार करत होत्या.

इंदूबाईंनी रक्त घेतले आणि चार दिवसांनी या म्हणून सांगितले. अंजनगावला परत गेले तर लोक विचारतील, म्हणून मनकर्णाबाई चार दिवस वलगावला आमच्या घरी राहिल्या. कारण सांगितले, सुनेचं घर पाह्याले आली. मुलाची आई मुलीच्या घरी मुक्कामाला, हे आमच्या सात पिढ्यांत घडलेले नाही. आईने भीतीने चार दिवस पुरण घातले. बाबा चार दिवस स्वतःच्या घरात टोपी घालून वावरले. दोघांनाही वाटत होते की या बाई लग्न मोडायला आल्या आहेत आणि योग्य वेळ पाहत आहेत. चौथ्या दिवशी निघताना त्यांनी बाबांना अंगणात बोलावले. बाबांचा चेहरा मला अजून आठवतो. त्या म्हणाल्या, पोट्टीले शिकवलं ते लय चांगलं केलं तुमी. लहान्या दोघीलेबी शिकवजा. मधातून काढसान तं मी येऊन बसन इथं. बाबांनी ताबडतोब कबूल केले. (पुन्हा पुरण नको, हेही त्यात असावे, असे आई म्हणते.)

रक्तात दोष निघाला. इंदूबाईंनी सगळे नीट समजावून सांगितले. गेलेली मुले परत येणार नाहीत, पण रोग अजून शरीरात आहे आणि पुढे डोळ्यांवर, हृदयावर उतरू शकतो. दर आठवड्याला एक याप्रमाणे तीन इंजेक्शने घ्यायची, आणि किसनरावांनीही घ्यायची. सहदेवराव हा रोग घरात येण्यापूर्वी जन्मलेले असावेत, तरी त्यांचेही रक्त पाहिलेले बरे. बाहेर आल्यावर मी म्हटले, किसनरावांना कसे सांगायचे याचा मी नीट मसुदा करून देते. मनकर्णाबाई म्हणाल्या, तू आता कागदाले हात लावू नोको माय.

परवा रविवारी त्या पुन्हा आल्या आणि काय झाले ते सांगून गेल्या. किसनराव वांग्यांना पाणी देत होते. मनकर्णाबाई बांधावर थांबल्या, वाफा भरू दिला आणि म्हणाल्या, मले गरमी हाय. मले हाय म्हंजे तुमालेबी हाय. कुठून आली, कवा आली, ते म्या विचारून नाई राह्यली. सुई घ्याची हाय, दोघांनी. एवढेच.  किसनराव पाणी तसेच सोडून शेताच्या धुऱ्याकडे गेले, जिथे ती चार आहेत, आणि दुपारच्या भाकरीला आले नाहीत. मनकर्णाबाईंनी त्यांना बोलावले नाही. त्याच जागी मी असते तर तीनदा हाक मारली असती आणि सगळे बिघडवले असते. तिसऱ्या प्रहरी ते आपण होऊन आले, ओसरीवर बसले, आणि विचारले, लय दुखते का सुई?

ताई, मी गेले दोन दिवस याचाच विचार करते आहे. मनकर्णाबाईंकडे रागवायला एकवीस वर्षांचे कारण होते. त्यांनी ते सोडून दिले असेही मला वाटत नाही. मी विचारले तेव्हा म्हणाल्या, भांडन मी करनच, सोडत नाई. पन आदी सुई.

तुम्ही मला पहिल्या वर्षी विजेचे बटण दाबायला शिकवले होते, आणि घाबरू नको, नुसते दाबायचे, असे म्हणाला होता. मनकर्णाबाईंना कोणी न शिकवता ते आले. असो. पत्र फार लांबले. तुमच्याकडे काम असे काही नाही, सहज हकीकत कळवावी म्हणून लिहिले. पायांना जपा.

तुमच्या जुन्या खाटेशेजारची,
मैना

ता. क. १: वर 'काम असे काही नाही' असे लिहिले आहे, ते खोटे आहे. तेवढ्यासाठी सगळे पत्र पुन्हा लिहायचे म्हटले तर आजचे टपाल चुकेल, म्हणून इथे दुरुस्त करते. किसनराव इंजेक्शन घ्यायला तयार आहेत, पण अंजनगावात किंवा अमरावतीत नाही. अकोल्यात घेईन म्हणतात, आणि पुरुषाच्या हातून घेईन (तेवढी व्यवस्था करावी). पुढच्या गुरुवारी, १९ तारखेला, दोघे तुमच्या दवाखान्याच्या दाराशी येतील. गावात संत्र्याची कलमे पाहायला जातो असे सांगणार आहेत. (ती खरोखर पाहून यावीत अशी मी त्यांना विनंती केली आहे, म्हणजे कोणी खोटे बोलल्यासारखे होणार नाही.) कृपा करून त्यांना बाहेरच्या बाकावर ताटकळत ठेवू नका. किसनराव ताटकळले तर उठून जातील. हे सगळे तुम्हाला कळवायला मनकर्णाबाईंची परवानगी आहे. त्या म्हणाल्या, त्या नर्सबाईले सांग, आनखी कोनाले नोको. इंदूबाईंची चिठ्ठी सोबत आहे. मूळच आहे, नक्कल नाही.

ता. क. २: आणखी एक गोष्ट राहिली. ती मुद्दाम राहिली. ज्यांच्यासाठी ते पत्र लिहिले होते, त्या सहदेवरावांना ते अजून मिळालेले नाही. सारे अंजनगाव ऐकून बसले आहे, केळीवाल्याला ठाऊक आहे, आणि सहदेवराव अकोल्यात शांतपणे परीक्षा देत आहेत. पोट्ट्याची परीक्षा होऊ दे, मग सांगू, असे घरी ठरले होते. परीक्षा १८ तारखेला संपते. मी मनकर्णाबाईंना म्हटले, आता तुम्हीच त्यांना विचारा. त्या म्हणाल्या, आमचं दोघांचं त्याले मी सांगन. पन तुह्या नवऱ्याले तू विचार. लग्न तुले कराचं हाय.

ता. क. ३: म्हणून १९ तारखेला मीही येते आहे. रजेचा अर्ज दिला आहे, कारण 'कौटुंबिक' असे लिहिले आहे, आणि ते खरे आहे. तुमच्या खोलीवर मला आणि सहदेवरावांना अर्धा तास बसू द्यावे. दार उघडे असावे आणि तुम्ही शेजारच्या खोलीत असावे. मी कागद आणणार नाही. असा काही त्रास आहे का, याला ते 'नाही' म्हणतील याची मला भीती वाटत नाही. 'हो' म्हणतील याची वाटते. इंदूबाईंनी साडेसात पानांत ते सांगितले नव्हते, की तो 'हो' म्हणाला तर आपण काय म्हणायचे. पण वांग्याच्या वाफ्याशी मनकर्णाबाई काय म्हणाल्या (कुठून, कधी, ते विचारायचे नाही, सुई घ्यायची) ते मी पाठ केले आहे, आणि तेवढेच म्हणणार आहे. तेव्हा त्या दिवशी सुया उकळताना एक जास्तीची उकळून ठेवावी.